शोथहर तैले : घटक, घाणी आणि अवस्था

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यवसायात 'अँटी-इन्फ्लमेटरी' हा शब्द फारच रुळला आहे. औषधनिर्मात्यांचे प्रतिनिधी चिकित्सालयात येतात, तेव्हा तैलाचे नाव सांगण्याआधी हा शब्द सांगतात. बाटलीच्या वेष्टनावर तो ठळक अक्षरांत असतो. ज्या तेलात ती औषधे शिजवली त्या मूळ तेलाचे नाव मात्र भिंग घेऊन शोधावे लागते. वनस्पतिज तैलांतील नैसर्गिक घटकांचा शोथावर होणारा परिणाम आधुनिक प्रयोगशाळांत अभ्यासला जात आहे, याचा आम्हांस आनंदच आहे. ज्या द्रव्यांना आपण पिढ्यानपिढ्या वातहर, वेदनास्थापन, शोथहर म्हणत आलो, त्यांच्याविषयी जगाचे कुतूहल वाढणे केव्हाही चांगलेच. तथापि या आनंदाच्या भरात आपली मोठी गल्लत होऊ लागली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. घटक सिद्ध झाला म्हणजे बाटलीतील तेल सिद्ध झाले, असे नव्हे. आणि बाटलीतील तेल अस्सल असले, तरी ते कोणत्या रुग्णास व कोणत्या अवस्थेत लावावे, हे घटक सांगत नाही. ते वैद्यानेच ठरवावयाचे असते.

प्रथम घटकांविषयी. १९७१ साली जॉन वेन यांनी ॲस्पिरिन शरीरातील प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते, हे दाखविले व त्या कार्यासाठी १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तेव्हापासून शोथ उतरविणारे द्रव्य म्हणजे ही निर्मिती रोखणारे द्रव्य, असे एक समीकरण रूढ झाले आणि वनस्पतिज तैलांकडेही त्याच दृष्टीने पाहिले जाऊ लागले. या प्रकारचे सर्वांत गाजलेले उदाहरण ऑलिव्हच्या तेलाचे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेच्या एका शास्त्रज्ञास सिसिलीमध्ये ताजे ऑलिव्ह तेल चाखताना घशात एक विशिष्ट चुरचुर जाणवली. द्रवरूप आयबुप्रोफेन घेताना अगदी तशीच चुरचुर होते, हे त्यांस पूर्वीच्या कामामुळे ठाऊक होते. त्यावरून शोध घेता त्या तेलात 'ओलिओकँथल' हा घटक सापडला, तो आयबुप्रोफेनप्रमाणेच प्रोस्टाग्लँडिन निर्माण करणाऱ्या एन्झाइमांना रोखतो असे आढळले, आणि २००५ साली ही माहिती 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. जाता जाता नमूद करावेसे वाटते की, हा शोध यंत्राने नव्हे, रसनेंद्रियाने लागला. रसावरून कर्माचे अनुमान करणे यात काय शास्त्र आहे, असे आपणांस विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

परंतु त्याच लेखातील दुसरा भाग आपल्याकडील व्याख्यानांत क्वचितच सांगितला जातो. रोज ५० ग्रॅम तेल सेवन केले, तर शोषले जाणारे ओलिओकँथल जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम भरते व ते प्रौढ व्यक्तीस वेदनाशमनार्थ लागणाऱ्या आयबुप्रोफेनच्या मात्रेच्या सुमारे एक दशांश आहे, असा हिशेब मूळ शोधकर्त्यांनीच मांडला होता. म्हणजे दीर्घकाळ आहारात राहिल्यास काही लाभ संभवतो, दुखऱ्या गुडघ्यास आज रात्री उतार पडेल असे नव्हे. मात्रेचा हा विचार आपल्या प्रत्येक तैलाच्या बाबतीत झाला पाहिजे. परीक्षानळीत पेशींवर परिणाम करणारे प्रमाण त्वचेवर चोळलेल्या चमचाभर तेलातून सांध्यापर्यंत पोहोचते काय, हा प्रश्न विचारल्याशिवाय वेष्टनावर शब्द छापणे हे शास्त्र नव्हे, व्यापार आहे.

आता आपल्या तीळतेलाकडे वळू. तिळात सेसॅमिन व सेसॅमोलिन हे दोन विशेष घटक आहेत. त्यांपैकी सेसॅमिन हे ॲराकिडोनिक आम्ल तयार करणाऱ्या एका एन्झाइमला रोखते, असे जपानी संशोधकांनी १९९१ साली दाखविले. हे ॲराकिडोनिक आम्ल म्हणजेच प्रोस्टाग्लँडिनांचा कच्चा माल. तो प्रयोग मात्र एका बुरशीवर व उंदरांच्या यकृतातील अंशांवर होता. सेसॅमोलिनची गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक रंजक आहे. तीळ भाजले किंवा तेल तापविले की त्यापासून सेसॅमोल तयार होते व ते तेलाला खवट होऊ देत नाही. उलट रिफाइंड तेल करताना विरंजक मातीचा जो संस्कार होतो, त्यात सेसॅमोलिनचे रूपांतर निराळ्याच पदार्थात होते. म्हणजे घाणीचे तेल घेऊन ते विधिपूर्वक सिद्ध करणारा वैद्य आणि रिफाइंड तेलाचा डबा फोडून त्यात अर्क मिसळणारा कारखानदार हे दोघेही 'तीळतेल' हाच शब्द लिहीत असले, तरी दोघांच्या कढईत एकच द्रव्य नसते. मानवी रुग्णांवरील पुरावा थोडा आहे, पण आहे. हातापायांस मार लागलेल्या रुग्णांवर इराणमध्ये केलेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीळतेल चोळलेल्या गटात वेदना व वेदनाशामक गोळ्यांची गरज दोन्ही कमी आढळली. तेथे कोणतेही सिद्ध तैल नव्हते, साधे तीळतेल होते.

एरंडाचे उदाहरण याहून बोधक आहे. या तेलात रिसिनोलेइक आम्लाचे प्रमाण शेकडा ८५ ते ९० असते. या आम्लाच्या स्थानिक प्रयोगाचा प्राण्यांवर अभ्यास झाला व त्याचे निष्कर्ष २००० आणि २००१ साली प्रसिद्ध झाले. एकदाच लावले असता ते शोथ वाढविते आणि काही दिवस पुनःपुन्हा लावले असता शोथ कमी करते, असे त्यात दिसून आले. मिरचीतील कॅप्सेसिनही असेच वागते. फरक इतकाच की एरंडात तिखटपणा नाही. एकच घटक, एकच स्थान, परंतु काल बदलताच कर्म उलटे! ज्यांनी काल आणि अवस्था यांना चिकित्सेत मानाचे स्थान दिले, त्या परंपरेतील आपण हे वाचून चकित होण्याचे कारण नाही. तरीही एरंडतेलास सरसकट 'शोथहर' म्हणून मोकळे होण्याची घाई आपणच करीत आहोत. विरेचनाविषयी तर २०१२ साली हेही स्पष्ट झाले की, हे आम्ल आतड्यातील प्रोस्टाग्लँडिनाच्याच एका ग्राहकावर कार्य करते. म्हणजे एका अर्थी ते प्रोस्टाग्लँडिनाचे काम करते, ते रोखत नाही. आमवातरूपी हत्तीला एरंडस्नेह हा सिंह, ही उपमा आपण विद्यार्थिदशेपासून घोकली. तो सिंह प्रोस्टाग्लँडिन रोखूनच शिकार करतो असे मानण्यास मात्र आधार नाही.

जवसाविषयी विदर्भात वेगळे सांगणे नलगे. जवसाची चटणी ज्या घरात नाही ते घर वऱ्हाडातले नव्हे. या तेलात निम्मे किंवा त्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ असते. शरीरात त्यापासून माशांच्या तेलातील ओमेगा-३ तयार होते, पण ते शेकडा काही अंशच. शिवाय हे तेल हवा लागताच सुकते, म्हणून तर ते रंगकामात वापरतात व मुले क्रिकेटच्या बॅटला पाजतात. दुकानाच्या काचेच्या कपाटात उन्हात सहा महिने उभी असलेली जवसतेलाची पारदर्शक बाटली शोथ कमी करील, की त्यातील खवटपणाच त्वचेला दाह करील, याचा विचार औषधी विक्रेत्यांनी करावा. चरकसंहितेने अतसीतैलास वातात हितकर पण रक्तपित्तास कोपविणारे म्हटले आहे, याचेही विस्मरण नको.

करडीच्या तेलाबाबत एक मोह फार प्रबळ आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात स्थावर स्नेहांमध्ये तीळतेल सर्वांत हितकर व कुसुंभस्नेह, म्हणजे करडीचे तेल, सर्वांत अहितकर सांगितले आहे. करडीच्या प्रचलित वाणांच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-६ असते. त्यापासून ॲराकिडोनिक आम्ल, त्यापासून प्रोस्टाग्लँडिन आणि त्यापासून शोथ, अशी शिडी उभी करून 'चरकांना ओमेगा-६ ठाऊक होते' असे व्याख्यानांत सांगितले जाते. ऑस्ट्रेलियात १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराच्या रुग्णांना करडीचे तेल देऊन केलेल्या प्रयोगाची जुनी माहिती २०१३ साली नव्याने तपासली गेली व तेल घेणाऱ्या गटात मृत्यू अधिक झाल्याचे दिसले, तेव्हा तर या मंडळींना बळच आले. परंतु निरोगी माणसांच्या आहारात लिनोलेइक आम्ल वाढविले असता रक्तातील ॲराकिडोनिक आम्ल वा शोथाची लक्षणचिन्हे वाढत नाहीत, असे अनेक प्रयोगांच्या २०११ व २०१२ सालच्या आढाव्यांत आढळले आहे. शिडीची मधलीच पायरी निखळली. चरकांनी या तेलास उष्ण, विदाही, गुरु व सर्वदोषप्रकोपक म्हटले ते त्यांच्या निरीक्षणावरून. त्या वचनाची परीक्षा त्याच परिभाषेत व्हावयास हवी. शास्त्राचा मान राखावयाचा तर सोयीचा प्रयोग उचलून गैरसोयीचा दडविणे आपणांस शोभत नाही. आणि करडीच्याच तेलाच्या फोडणीवर वाढलेल्या वऱ्हाड-मराठवाड्यातील आपल्या आज्या-पणज्यांचे काय, असा प्रश्न एखाद्या चतुर विद्यार्थ्याने विचारला, तर व्याख्याते काय उत्तर देतील?

असो. आता बाटलीकडे येऊ. मंगरुळपीर तालुक्यातील आसेगावच्या आसमंतात आज खरिपात नजर पोहोचेल तेथवर सोयाबीन दिसते. तीळ, जवस, करडी, फल्ली ही तेलबियांची पिके बांधाला किंवा एखाद्या पट्ट्याला उरली. गावोगावच्या घाण्या बंद पडल्या. पूर्वी वैद्यास तेली ठाऊक असे, तेल्यास शेतकरी ठाऊक असे आणि तीळ कोणत्या सुगीचे हे विचारता येत असे. आज लहान रसशाळेचा चालक बाजारातून डबा आणतो. त्यात तीळ किती, सोयाबीन वा पामतेल किती आणि क्वचित खनिज तेल किती, हे तो शपथेवर सांगू शकत नाही. तिळाच्या व सोयाबीनच्या तेलाच्या भावात जे अंतर आहे, ते पाहता हा मोह पुरवठादारास होणारच.

यावर उपाय नाही असे नव्हे. बोदुआँ चाचणी आपणांपैकी अनेकांनी रसशास्त्र-भैषज्यकल्पनेच्या प्रात्यक्षिकांत केलेली असेल. समभाग तेल व तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन त्यात फरफ्युरालच्या सौम्य द्रावणाचे काही थेंब टाकून हलवावे. तीळतेल असल्यास आम्लाच्या थरास गुलाबी ते लाल रंग येतो. हा रंग तिळातील त्याच विशेष घटकांमुळे येतो. याच गुणामुळे तुपातील भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पती तुपात शेकडा ५ तीळतेल मिसळणे आपल्या देशात कायद्याने बंधनकारक करण्यात आले होते. परंतु यातच या चाचणीची मर्यादाही आहे. पाच टक्के तिळाने जर रंग येतो, तर रंग आला म्हणजे तेल निव्वळ तिळाचे, असे कसे म्हणता येईल? ती चाचणी तिळाचे अस्तित्व सांगते, इतरांचा अभाव सांगत नाही. खनिज तेलासाठी दुसरी सोपी परीक्षा आहे. थोडे तेल कॉस्टिक पोटॅशच्या अल्कोहोलातील द्रावणाबरोबर पाण्याच्या कढावर, उघड्या ज्योतीपासून दूर, काही मिनिटे उकळावे व त्यात गरम पाणी घालावे. वनस्पतिज तेलाचा साबण विरघळून द्रव स्वच्छ राहतो, खनिज तेल असल्यास गढूळ होतो. सोयाबीनची भेसळ मात्र घरी पकडणे कठीण. तीळतेलाचे आयोडीन मूल्य साधारण १०३ ते १२० व सोयाबीनचे १२० ते १४१ असल्याने थोडी मिसळ त्यात लपून जाते. येथे गॅस क्रोमॅटोग्राफीच हवी. तीळतेलात लिनोलेनिक आम्ल नाममात्र, एक टक्क्याच्याही आत असते. सोयाबीनमध्ये ते शेकडा ५ ते १० च्या घरात असते. अहवालातील एवढा एक आकडा पाहिला तरी पुरवठादाराची परीक्षा होते.

पाकाविषयी थोडक्यात. स्नेहाच्या चतुर्थांश कल्क व चौपट द्रव हे प्रमाण सर्वांस ज्ञात आहे. पण जोवर कढईत पाणी आहे तोवर तापमान पाण्याच्या उकळीच्या आसपास राहते व ते संपताच झपाट्याने वाढते, याकडे दुर्लक्ष होते. फेन आला, कल्काची वात वळली, तरी आच कमी न करणारा कामगार खरपाकाच्या नावाखाली दग्धपाक करतो. निर्गुंडीसारख्या द्रव्यांतील उडनशील सुगंधी अंश उघड्या कढईत बराचसा निघून जातो. कापूर व इतर गंधद्रव्ये शेवटी घालण्याचा पात्रपाकाचा संकेत आपल्या पूर्वजांनी काही उगाच घातला नाही. भैषज्यरत्नावलीत सांगितलेली मूर्च्छना तर आज बहुतेक ठिकाणी वगळली जाते. मंजिष्ठा, हळद, लोध्र, नागरमोथा, त्रिफळा ही सर्व द्रव्ये सहज मिळतात, हळद तर शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातून. मग टाळाटाळ कशासाठी? सिद्ध तैलाच्या वीर्यमर्यादेविषयी शार्ङ्गधराच्या वचनाचा अर्थ चार महिने घ्यावा की सोळा, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. आम्ल मूल्य व पेरॉक्साइड मूल्य तपासून हा वाद आपापल्या कपाटापुरता तरी मिटविता येईल.

तेल उत्तम, पाक उत्तम. तरीही काम संपत नाही, आणि आमच्या मते खरी हानी येथेच होते. निंदण-सोंगणीच्या दिवसांत चिकित्सालयात येणाऱ्या बायाबापड्यांत कामाच्या ताणाने मनगट-खांदे धरलेल्या अधिक असतात. त्यांना अभ्यंग व शेक यांनी उतार पडतो. परंतु त्यांच्यातच एखादी अशी येते की जिच्या दोन्ही हातांची बोटे सुजलेली, स्पर्शास उष्ण, सकाळी तास-दीड तास मूठ वळत नाही, जिभेवर साम लेप, भूक नाही. दोन-तीन महिन्यांपासून ती दुकानातून आणलेले 'शोथहर' तेल मन लावून चोळते आहे. "तेल तं रोजच लावतो जी, पन सूज काई उतरत नाई," असे ती सांगते. हा साम आमवात आहे. येथे लंघन, दीपन-पाचन, वाळूच्या पोटळीचा रूक्ष स्वेद आणि एरंडस्नेहाचे युक्तीने आभ्यंतर प्रयोजन हा चक्रदत्तापासून चालत आलेला क्रम आहे. बाह्य स्निग्ध अभ्यंग या अवस्थेत वर्ज्य. ज्या तेलाने नुसती कंबर धरलेल्या शेजारणीस बरे वाटले, त्याच तेलाने हिचा स्तंभ व गौरव वाढतो. वेष्टनावरील शब्दाने दोघींना एकाच रांगेत उभे केले.

शिवाय अशा रुग्णेची रक्ततपासणी, निदान ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर व अँटी-सीसीपी, करून घेणे आणि गरज असल्यास तिला अकोल्यास संधिरोगतज्ज्ञाकडे पाठविणे यात वैद्याचा कमीपणा नाही. या रोगात सांध्यांची झीज पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होऊ शकते. तेल चोळण्यात गेलेले महिने तिला परत मिळत नाहीत.

शोथ या एका शब्दात आपण 'इन्फ्लमेशन' कोंबू पाहतो, हेही तपासले पाहिजे. सुश्रुताचा व्रणशोथ, त्याच्या आम, पच्यमान व पक्व या अवस्थांसह, आधुनिक कल्पनेच्या पुष्कळ जवळ जातो, सर्वांगशोथ नव्हे. दुसऱ्या टोकास आपल्या रानातला बिब्बा घ्या. गोडंबी काढण्यासाठी बिब्बे फोडणाऱ्या बायांचे हात त्याच्या तेलाने भाजून निघतात, इतके ते दाहजनक; तरी जुन्या वातव्याधीत बिब्बा घालण्याचा प्रघात गावोगाव होता. दाह निर्माण करणारे तेल वेदना शमविते आणि दाह शमविणारे तेल साम सांध्यास पीडा देते, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. रसशाळा-चालकांनी वेष्टनावर मूळ तेलाचे नाव, ते घाणीचे की रिफाइंड आणि तेल काढल्याचा महिना ठळकपणे छापावा. 'अँटी-इन्फ्लमेटरी' हा शब्द काढून टाकावा आणि त्या जागी 'सांधे गरम व सुजलेले असल्यास वैद्यांच्या सल्ल्याशिवाय लावू नये' हे वाक्य घालावे. खप थोडा घटेल, हे आम्ही जाणतो. औषधी विक्रेत्यांनी तेल मागणाऱ्यास निदान एवढे विचारावे की सकाळी बोटे आखडतात काय. आयुर्वेद महाविद्यालयांतील संशोधकांना आमची विनंती आहे की, सिद्ध तैलाची तुलना 'काहीच नाही' याच्याशी न करता साध्या तीळतेलाशी करावी; चोळणारा हात तोच, शेक तोच, दिवस तेवढेच. महानारायण वा विषगर्भ तैलातील औषधांनी तिळाच्या मूळ गुणात नेमकी किती भर घातली, हे त्याशिवाय कळणार नाही. निकाल आपल्या अपेक्षेविरुद्ध आला तरी तो याच अंकांत छापावा.

आणि तिळाविषयी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने एकेटी-६४, एकेटी-१०१ यांसारखे कोरडवाहू शेतीस मानवणारे वाण दिले आहेत. वाशीम जिल्ह्यातील आठ-दहा रसशाळा व चिकित्सालये एकत्र येऊन पेरणीपूर्वीच काही शेतकऱ्यांशी भावाचा करार करू शकतात. दहा किलो तिळापासून घाणीवर चार किलोच्या आसपास तेल मिळते. ढेप जनावरांच्या कामी येते. वर्षाकाठी किती तेल लागते, याचा आकडा ज्या सभासदांनी पोळ्यापूर्वी कळविला, त्यांच्यासाठी दसऱ्यानंतर येणाऱ्या नव्या तिळाची एकत्रित खरेदी व त्या तेलाची एकच सामाईक गॅस क्रोमॅटोग्राफी तपासणी करण्याची तयारी आम्ही दर्शवीत आहोत; खर्च ज्याच्या त्याच्या तेलाच्या प्रमाणात वाटून घेता येईल.